मुंग्या आणि बधिरता : स्पर्शज्ञानाच्या दोन विकृती

बराच वेळ मांडी घालून बसल्यानंतर उठू लागले असता पाय परका झाल्यासारखा वाटतो आणि थोड्याच वेळात त्यास मुंग्या येऊ लागतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु या एका साध्या घटनेत दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी एकीमागून एक घडत असतात. प्रथम असलेली संवेदना नाहीशी होते. नंतर त्वचेवर कोणताही पदार्थ हालचाल करीत नसता नसलेली संवेदना उत्पन्न होते. पहिली वजाबाकी आहे, दुसरी बेरीज. मराठी भाषेने दोहोंसाठी निरनिराळे शब्द राखून ठेविले आहेत. बधिरता, सुन्नपणा हे पहिलीचे. मुंग्या, झिणझिण्या हे दुसरीचे. मात्र प्रत्यक्ष बोलण्यात हा विवेक नेहमीच पाळला जातो असे नाही. 'हात बधिर होतो' असे सांगणाऱ्या रुग्णास कधी मुंग्या अभिप्रेत असतात, कधी हातातील शक्ती कमी झाल्याचे त्यास सांगावयाचे असते, तर कधी केवळ जडपणा. म्हणून रोगनिदानाचा आरंभ रुग्णाच्या शब्दाचा अर्थ निश्चित करण्यापासूनच होतो.

या दोन विकृतींत आणखी एक भेद आहे आणि वैद्यकीय दृष्ट्या तो अधिक महत्त्वाचा आहे. मुंग्या स्वतःची दखल घ्यावयास लावतात. बधिरता तसे करीत नाही. ज्याच्या बोटांस रात्री मुंग्या येतात तो झोपेतून जागा होतो, हात झटकतो आणि दुसऱ्या दिवशी वैद्याकडे जातो. ज्याच्या पायाच्या तळव्याची संवेदना हळूहळू नाहीशी होत आहे, त्यास मात्र काही कमी झाले आहे याची जाणीव बहुधा होतच नाही. कारण जाणीव करून देणारे साधनच तेथे निकामी झालेले असते. यामुळे तक्रारीच्या तीव्रतेवरून रोगाच्या गांभीर्याचे अनुमान काढू गेल्यास ते पुष्कळदा उलट ठरते.

संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू एकजिनसी नसतात. एकाच मज्जातंतूच्या जुडग्यात जाड, मेदावरण असलेले तंतू असतात आणि अतिशय बारीक, निरावरण तंतूही असतात. स्पर्श, कंपन व सांध्यांची स्थिती यांची वार्ता जाड तंतू सेकंदास सुमारे ३५ ते ७० मीटर या वेगाने नेतात. उष्णतेची आणि मंद, जळजळणाऱ्या वेदनेची वार्ता नेणाऱ्या निरावरण तंतूंचा वेग सेकंदास सुमारे एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतकाच असतो. दाब, रक्ताचा अभाव, विष किंवा जंतू यांपैकी प्रत्येकाचा परिणाम या दोन वर्गांवर सारखा होत नाही. म्हणूनच एखाद्या रुग्णास कापसाचा स्पर्श कळतो पण गरम भांडे कळत नाही, तर दुसऱ्यास टाचणी टोचलेली कळते पण अंधारात पाऊल कोठे पडले हे कळत नाही.

मांडी घातल्याने येणाऱ्या मुंग्यांचा उलगडा प्रयोगाने झालेला आहे. १९३१ साली टॉमस लुइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडाभोवती रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून हाताचा रक्तपुरवठा थांबविला आणि संवेदना कोणत्या क्रमाने जाते ते नोंदविले. बोटांच्या टोकांपासून प्रारंभ होऊन स्पर्शज्ञानाचा लोप हळूहळू वर सरकत गेला. वेदना व उष्णता यांचे ज्ञान त्यानंतर बराच काळ टिकून राहिले. पट्टा सोडताच मुंग्यांचा लोंढा आला. या मुंग्या नेमक्या कशाच्या, या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर मात्र अर्धशतकाने मिळाले. स्वीडनमध्ये जागृत मनुष्याच्या मज्जातंतूत केसासारखी बारीक सुई घालून एकेका तंतूतील विद्युत्-आवेग टिपण्याची पद्धती तोवर सिद्ध झाली होती. तिचा उपयोग करून ओचोआ व टोरेब्यॉर्क यांनी १९८० साली असे दाखविले की, रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर स्पर्शतंतू कोणत्याही बाह्य उद्दीपनाशिवाय आपोआप आवेगांचे झुबके सोडू लागतात आणि त्या झुबक्यांचा चढउतार प्रयोगातील व्यक्तीने सांगितलेल्या मुंग्यांच्या चढउताराशी जुळतो. उपासमारीनंतर सावरणाऱ्या तंतूचे आवरण काही काळ अस्थिर असते, हे त्याचे कारण. शेकडो तंतू एकमेकांशी मेळ न ठेवता असे बोलू लागले म्हणजे निसर्गातील कोणत्याही एका पदार्थाच्या स्पर्शाशी त्या वार्तेचे साम्य राहत नाही, आणि मेंदू तिला जवळची उपमा देतो. ती उपमा मुंग्यांची असावी हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. अशा संवेदनेस वैद्यकात रूढ असलेली 'फॉर्मिकेशन' ही संज्ञाही मुंगीच्या लॅटिन नावावरूनच आली आहे.

मेंदू ही वार्ता मज्जातंतूच्या मधल्या भागातून आली असे न मानता ज्या त्वचेपासून तो तंतू निघतो तेथूनच आली असे मानतो. कोपर दाराच्या कडेवर आपटले असता झिणझिण्या करंगळीत उठतात, आघात झालेल्या जागी नव्हे. रोगनिदानास ही गोष्ट एकाच वेळी फसवी व उपकारक आहे. फसवी अशासाठी की दुखणे बोटात भासते आणि दोष कोपरात किंवा मानेत असतो. उपकारक अशासाठी की प्रत्येक मज्जातंतूचा त्वचेवरील प्रदेश बहुतांशी ठरलेला असल्याने संवेदनेची विकृती त्वचेवर रेखाटली म्हणजे त्या नकाशावरूनच दोषाचे स्थान वाचता येते. 'काय होते' या प्रश्नापेक्षा 'नेमके कोठे होते' हा प्रश्न येथे अधिक फलदायी ठरतो.

अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच प्रदेशात मुंग्या येत असतील, त्या पहाटे अधिक होत असतील आणि हात झटकल्याने कमी होत असतील, तर मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारा मज्जातंतू तेथे दाबला जात आहे असे बहुधा ठरते. गरोदरपण, अवटु ग्रंथीची मंदता, मधुमेह अशा अवस्थांत हा दाब अधिक संभवतो. करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू यांत तोच प्रकार असेल तर कोपर तपासावे. मांडीच्या बाहेरील बाजूस तळहाताएवढ्या किंवा त्याहून मोठ्या भागात बधिरता व जळजळ होत असेल, तर जांघेजवळ कंबरपट्ट्याने किंवा वाढलेल्या पोटाने एक त्वचातंतू दाबला गेलेला असतो. मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यास स्वतःस हा विकार होता व त्याविषयी त्याने १८९५ साली लिहिले आहे. येथे कारण मनात नसून कमरेशी होते, ही गोष्ट मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास मनोरंजक वाटेल.

नकाशा रेखाटण्याच्या या पद्धतीस ज्या एका प्रयोगाने शास्त्रीय कसोशी दिली तो विलक्षण होता. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री हेड यास रुग्णांच्या उत्तरांनी समाधान होईना. संवेदनेचे सूक्ष्म वर्णन करण्यास जे अवधान व जी भाषा लागते ती रुग्णाजवळ नसते, असे त्याचे मत झाले. म्हणून २५ एप्रिल १९०३ रोजी त्याने स्वतःच्या डाव्या हातातील दोन त्वचातंतू कोपराजवळ शस्त्रक्रियेने कापवून घेतले व पुन्हा जोडवून घेतले. त्यानंतर सुमारे चार वर्षे तो सवडीनुसार केंब्रिजला जात असे. तेथे तो डोळे मिटून बसे आणि त्याचा मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स कापूस, टाचणी व गरम-थंड नळ्या यांनी त्याच्या हाताची परीक्षा करून नोंदी ठेवी. या काळाच्या थोडेच आधी रिव्हर्स निलगिरीतील तोडा जमातीत राहून आला होता. त्या जमातीवरील त्याचा ग्रंथ हाताचा प्रयोग चालू असतानाच, १९०६ साली प्रसिद्ध झाला.

तंतू कापल्यानंतर हेडच्या मनगटाच्या व हाताच्या पाठीकडील त्वचेचा मोठा भाग पूर्णतः बधिर झाला. तरीही त्याच भागावर बोटाने जोरात दाबले असता ते त्यास कळे, कारण खोल दाबाची वार्ता स्नायूंबरोबर जाणाऱ्या निराळ्या तंतूंनी जाते. काही आठवड्यांनी टाचणीची वेदना परतू लागली. परंतु ती पूर्वीची नव्हती. ती अनिश्चित, पसरणारी, मूळ जागेपासून दूर भासणारी व असह्य अशी होती. हलका स्पर्श आणि तो कोठे झाला याचे अचूक ज्ञान परतण्यास एक वर्षाहून अधिक काळ लागला. यावरून हेडने संवेदनांच्या दोन स्वतंत्र यंत्रणा कल्पिल्या, एक आदिम व दुसरी परिष्कृत. हा सिद्धांत पुढे टिकला नाही. विल्फ्रेड ट्रॉटर व डेव्हिस यांनीही स्वतःचे तंतू कापून १९०९ साली निराळे निष्कर्ष मांडले. किंबहुना प्रयोगकर्ता व प्रयोगविषय एकच असला म्हणजे निरीक्षणात सिद्धांत किती सहज शिरतो, याचे हेडचा प्रयोग हे एक उदाहरण मानले जाते. तथापि त्यातील वर्णन आजही खरे आहे. पुन्हा वाढणाऱ्या मज्जातंतूची संवेदना प्रारंभी विकृत व त्रासदायक असते, हे त्यापूर्वी इतक्या तपशिलाने कोणी सांगितले नव्हते.

आतापर्यंत एका तंतूच्या दोषाचा विचार झाला. दोष रक्तातून सर्वच तंतूंस पोचत असेल तर नकाशा निराळा होतो. अशा वेळी सर्वांत लांब तंतू प्रथम निकामी होतात, कारण पेशीच्या केंद्रकापासून पायाच्या बोटांपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर असते व एवढ्या लांबवर पोषण पोचविणे हेच त्या पेशीचे दुबळे अंग होय. म्हणून विकृती दोन्ही पायांच्या बोटांतून सुरू होते व मोज्याप्रमाणे वर चढते. ती गुडघ्यापर्यंत आली म्हणजे हाताच्या बोटांतही दिसू लागते. या नकाशाचे आज सर्वाधिक आढळणारे कारण मधुमेह हे आहे. दीर्घकाळचे मद्यपान, मूत्रपिंडांची अकार्यक्षमता आणि काही औषधे हीही तसेच करतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधाने शरीरातील ब-६ जीवनसत्त्वाचा उपयोग होण्यात अडथळा येतो, म्हणून ज्यांस धोका अधिक त्यांना ते जीवनसत्त्व सोबत दिले जाते. गंमत अशी की हेच जीवनसत्त्व दीर्घकाळ अतिमात्रेत घेतल्यास त्यानेही संवेदनातंतूंचा नाश होतो. १९८३ साली अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. मुंग्या आल्या की 'शक्तीच्या गोळ्या' घेण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने अगदी निरुपद्रवी म्हणता येत नाही.

शाकाहारी समाजात ब-१२ या जीवनसत्त्वाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसते. दुधातून मिळते, पण पुष्कळदा पुरेसे नाही. पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी पुरुषांविषयीचा जो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण कमी आढळले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते उतरते. तेव्हा मधुमेही शाकाहारी मनुष्याच्या पायांतील मुंग्यांचे सर्व अपश्रेय साखरेस देणे बरोबर नव्हे. अर्थात रक्तातील उणा आकडा म्हणजे रोग नव्हे. नाहीतर पुण्यातील बहुसंख्य पुरुष रुग्ण ठरते. परंतु उणीव खरोखरच तीव्र झाली म्हणजे मज्जारज्जूच्या मागील स्तंभांचा ऱ्हास होतो. रुग्ण उजेडात नीट चालतो, पण डोळे मिटून तोंड धुताना तोल जाऊन पुढे झुकतो. हा विकार पंडुरोगाशिवायही असू शकतो. फॉलिक आम्ल एकटेच दिल्यास तर रक्त सुधारते आणि मज्जारज्जूची हानी मात्र निर्वेध चालू राहते.

दोन्ही पाय समान नाहीत, एका तंतूचा प्रदेशही नाही, अंगावर कोठेतरी एक फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तेवढ्याच भागात स्पर्श कळत नाही, असा नकाशा भारतात दिसला म्हणजे प्रथम कुष्ठरोग आठवला पाहिजे. चरक व सुश्रुत यांच्या ग्रंथांत कुष्ठाच्या वर्णनात स्पर्शज्ञानाच्या लोपाचा निर्देश आहे. नॉर्वेतील हान्सेन याने १८७३ साली शोधलेल्या या रोगाच्या जंतूस शरीराचा थंड भाग मानवतो. म्हणून तो त्वचेतील व त्वचेलगतच्या मज्जातंतूंत वाढतो, तोही अत्यंत सावकाश. एका जंतूचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. कोपरामागील, गुडघ्याखाली बाहेरील बाजूचा आणि मानेवरील मज्जातंतू जाड होऊन बोटास दोरीसारखे लागतात. उष्णता व वेदना यांचे ज्ञान आधी जाते. खोलवरील उबदार तंतू सुटत असल्याने सांध्यांची जाणीव शाबूत राहते. ब-१२ च्या अभावातील चित्राच्या नेमके उलट हे चित्र आहे.

या रोगात बोटे झडतात, असा समज शतकानुशतके होता. १९४६ साली वेल्लोर येथे आलेला शस्त्रवैद्य पॉल ब्रँड याने त्यास हळूहळू छेद दिला. बोटे रोगाने कुजत नव्हती. रुग्ण चुलीवरील भांडे उघड्या हाताने उतरवीत होता, विडी बोटापर्यंत जळू देत होता, पायात खिळा रुतला असता त्याच पायावर चालत होता. काही रुग्णांची बोटे रात्रीत नाहीशी होत, त्याचे कारण पहारा ठेवल्यावर कळले : उंदीर येऊन ती कुरतडत आणि रुग्ण जागा होत नसे. त्यावर उपाय म्हणून रुग्णांस मांजरे देण्यात आली. औषधशास्त्राच्या इतिहासात याहून स्वस्त उपाय क्वचितच सापडेल. मुंबईत वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० पासून, तर वरोऱ्याजवळचे आनंदवन स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत उभे राहिले. अशा संस्थांतील रुग्णांच्या हातापायांचे व्यंग बहुतांशी याच प्रकारचे, म्हणजे वेदना न झाल्यामुळे आलेले होते. तीन औषधांचा संयुक्त उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली पुरस्कारिला आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे घोषित झाले. घोषणेचा अर्थ दर दहा हजार लोकांत एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. २०२२ सालच्या नोंदीप्रमाणे नवे रुग्ण एका वर्षात लाखावर होते आणि ते जगातील एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक भरतात. निर्मूलन हा शब्द येथे दुर्दैवी ठरला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही, कारण त्यामुळे चट्ट्यास कापूस लावून पाहण्याची सवयच अनेक दवाखान्यांतून गेली.

वरील सर्व विकार महिन्यांच्या व वर्षांच्या गतीने चालतात. काही मात्र तासांचा हिशेब मागतात. चेहरा, हात व पाय एकाच बाजूचे एकाएकी बधिर झाले तर दोष मेंदूच्या रक्तवाहिनीत असतो आणि अशा वेळी विश्रांतीची वाट पाहणे म्हणजे मेंदूचा भाग गमावणे होय. बैठकीच्या जागेभोवती बधिरता येऊन लघवी अडली तर कण्याच्या तळाशी असलेले मज्जातंतूंचे जुडगे दाबले जात असते; त्यासही त्याच दिवशी शस्त्रवैद्य लागतो. पायांत सुरू झालेल्या मुंग्या काही दिवसांतच वर चढत जाऊन त्याबरोबर पायांची शक्ती जाऊ लागली तर १९१६ साली गियाँ, बारे व स्ट्रोल यांनी वर्णिलेला विकार संभवतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याची जी साथ आली तिच्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि काहींच्या मलपरीक्षेत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व अन्नातून येणारा जंतू आढळला. त्या जंतूच्या आवरणाचे मज्जातंतूच्या काही घटकांशी साम्य असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच तंतूंवर उलटते. याउलट ओठांभोवती व दोन्ही हातांच्या बोटांत भीतीच्या भरात येणाऱ्या मुंग्या जलद श्वासोच्छ्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरल्याच्या असतात व श्वास मंदावला की जातात.

राहिला प्रश्न संवेदना परतण्याचा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे तुटलेले मज्जातंतू तपासताना फ्रान्समधील टिनेल व जर्मनीतील हॉफमान यांना, एकमेकांच्या शत्रुराष्ट्रांत राहून, १९१५ साली एकच गोष्ट आढळली. जखमेच्या खाली मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने टिचकी मारली असता बधिर भागात मुंग्या उठतात आणि ज्या बिंदूवर त्या उठतात तो बिंदू आठवड्यागणिक खाली सरकतो. वाढणाऱ्या तंतूची टोके तेथवर पोचलेली असतात. अशा रुग्णाच्या बाबतीत मुंग्या ही तक्रार नसून सुवार्ता असते. वाढीचा हा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असतो. त्यामुळे मनगटाशी तुटलेला तंतू बोटाच्या टोकाशी पोचण्यास सहा महिने सहज लागतात. कुष्ठरोगात मज्जातंतूची हानी नुकतीच झालेली असेल, म्हणजे सुमारे सहा महिन्यांच्या आतील असेल, तर स्टेरॉइड औषधांनी ती पुष्कळ अंशी भरून येऊ शकते. त्याहून जुनी बधिरता बहुधा कायम राहते. म्हणून अशा रुग्णाच्या हातापायांची संवेदना नायलॉनच्या ठरावीक जाडीच्या तंतूंनी उपचार चालू असताना वेळोवेळी मोजण्याची पद्धत आहे. मधुमेही रुग्णाच्या तळव्यासाठी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा तंतू वापरतात. तो वाकेपर्यंत टेकवूनही ज्यास कळत नाही, त्यास तापलेल्या फरशीवर देवळाची प्रदक्षिणा अनवाणी घालू नये आणि रात्री निजण्यापूर्वी तळवे आरशात पाहावे, असे सांगण्यात येते.